तिचं पान बिघडवायचं काम

त्या रविवारी दुपारी आम्ही तुरीच्या शेंगा सोलत होतो. म्हणजे शोभा सोलत होती. मी कंप्यूटरपुढं बसून तिचं पान बिघडवून राहिलो होतो. थंडीचं ऊन खिडकीतून सरकत सरकत तिच्या मांडीवरच्या परातीत उतरलं होतं, आणि बूढा तलावावरचा उजेड आमच्या छतावर पाण्यासारखा हालत होता. रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या वरच्या खोलीत हिवाळ्यात असंच होते. घर तलावाच्या तळाशी गेलं आहे आणि आपण दोघं तिथं बसून सावकाश बोलून राहिलो, असं वाटते...

"भरलं काय?" तिनं मान वर न करता विचारलं.

"भरलं. नावाच्या जागी 'बायकोले विचारा' लिवलं. वयाच्या जागी 'लई'."

"मग? काय म्हणते?"

"वय आकड्यात सांगा म्हणते. नावाले काहीच नाही म्हटलं. आता माह्यं नाव 'बायकोले विचारा' झालं."

तिनं एक शेंग मले फेकून मारली. "नावाले ते काही म्हणणार नाही. कोणाचं नाव काय असन, हे सांगणारे आपण कोण? चला, फोनच्या जागी काहीतरी वाकडं टाका."

बूढापाऱ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात घरबसल्या नंबर लावता यावा, म्हणून ती ते पान बनवून राहिली होती. नोकरी सोडून दोन-तीन वर्षं झाली होती, पण अशी कामं ती घरून करे. मी फोनच्या जागी वाकडं टाकलं. मग भाजी झाली, जेवलो, झोपलो. पहाटे ती म्हणाली, छातीत दुखते. ऑटो आणला. दवाखान्याच्या रस्त्यावर तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि सडकेवर धुकं इतकं, की ऑटोवाला जसा कापसातून गाडी काढत होता. मी म्हणत होतो, आलं, आलं. दारात पोचलो तेव्हा मीच एकटा बोलून राहिलो होतो.

याले आता महिना होत आला. मी सातवीत शाळा सोडली. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात हातोडा मारण्यात उमर गेली. लिहिणं माझं काम नाही. पण शोभाचं काम काय होतं, हे भेटायला आलेल्या एकालाही धड सांगता आलं नाही. कोणी म्हणे टायपिंग करत होती, कोणी म्हणे बिलं भरून देत होती. म्हणून लिहून राहिलो.

आम्ही दोघंही वर्ध्याकडचे. लग्न करून ती रायपूरले आली तेव्हा हे मध्य प्रदेशातलं एक बाजारगाव होतं. मग नवं राज्य झालं. एका रात्रीतून गाव राजधानी झालं आणि जसं कोणी झोपेतून उठवून नवे कपडे घातले, तसं ते बावरून इकडं तिकडं पाहू लागलं. गल्लीगल्लीत कंप्यूटर शिकवणारे क्लास निघाले. शोभा बारावी पास होती, आमची पोट्टी शाळेत जायला लागली होती. एक दिवस गोल बाजारातून भांडे घेऊन येता येता तिनं एका क्लासची पाटी वाचली आणि भांड्यांसकट आत गेली. घरी येऊन म्हणाली, "नाव घातलं मी." मी म्हटलं, "घातलं तर शीक." दोन-तीन वर्षांनी ती तेलीबांध्याच्या एका लहानशा ऑफिसात लागली. सरकारी खात्यांसाठी, शाळांसाठी अर्जाची पानं बनवून देणारं ऑफिस. लोक आपल्या गावातल्या दुकानात बसून भरतील आणि इथं राजधानीत येऊन पडतील, असे अर्ज.

तिचं काम दारावरचं होतं. लोकांनी जे लिहून पाठवलं, ते आत घ्यायचं की नाही, हे पाहायचं. वयाच्या जागी वयच आहे ना, तारखेच्या जागी तारीखच आहे ना. आणि जे आत घेतलं, ते धुऊन पुसून घ्यायचं. मी म्हटलं, यात काय मोठं? लोक काय मुद्दाम चुकीचं लिवतात? तर ती म्हणाली, "बसा इथं." मले खुर्चीवर बसवलं, आणि नावाच्या खिडकीत, म्हणजे पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीत, काहीतरी कंस, टिंबं, अर्धे-मुर्धे इंग्रजी शब्द लिहायले लावले. एका बोटानं मले लिहायले पाव तास लागला. मग म्हणाली, "दाबा." मी दाबलं. तिनं सरावासाठी भरून ठेवलेली सगळी नावं पुसून गेली. पांढरा पडदा.

मी घाबरून खुर्ची मागं सारली. "माह्या हातून काय झालं?"

"तुम्ही नावाच्या जागी हुकूम लिवला," ती म्हणाली. तिच्या तोंडावर असा आनंद, जसा पाळण्यातलं लेकरू हसल्यावर आईच्या तोंडावर येते. "समजा पार्सलच्या खिडकीवर बाबूनं विचारलं, नाव काय? तुम्ही म्हटलं, रमेश, आणि गोदाम खाली कर. अन् त्या येड्यानं खरंच गोदाम खाली केलं. मशीन असंच येडं आहे. त्याले नाव कोणतं अन् हुकूम कोणता, हे कळत नाही. मले ते शिकवावं लागते. बाहेरून जे आलं ते फक्त अक्षरं. त्याचं ऐकायचं नाही, नुसतं ठेवून घ्यायचं."

त्या दिवसापासून माझी नोकरी लागली. कोणतंही पान तयार झालं, की रविवारी मले बसवे अन् म्हणे, "बिघडवा." ऑफिसातली शिकलेली मंडळी बरोबरच भरत, त्यायच्या हातून चूक होतच नव्हती. माझ्या हातून बरोबर होत नव्हतं. जन्मतारखेच्या जागी मी "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी" लिहिलं, कारण माझ्या मायनं मले तेवढंच सांगितलं होतं. पत्त्याच्या जागी अख्खा रस्ता समजावून सांगितला, डावीकडं पिंपळ सोडून. शोभा पदर तोंडाले लावून हसे, आणि मग लगेच गंभीर होऊन काहीतरी लिहायले बसे. समोरच्या पडद्यावर तपासलं तरी आत पुन्हा तपासायचं, असं तिचं पक्कं होतं. "समोरचं तपासणं म्हणजे दारातला नमस्कार. खरी झडती आत. चोर काय दारातून येते?" उन्हाळ्यातल्या दुपारी कूलरच्या घरघरीत हे ऐकता ऐकता मले डुलकी लागे. झोपेत मले आमच्या यार्डातल्या वॅगनी दिसत, लांबच लांब, आणि एकेका वॅगनीच्या दाराशी शोभा उभी. आत काय आहे, विचारत असलेली...

पण मले सांगायची आहे ती दुलारीची गोष्ट.

नर्सिंगच्या मदतनीस बायांच्या ट्रेनिंगचा अर्ज होता. पान सगळं शोभानं बनवलेलं. ती हुकूमवाली गोष्ट डोक्यात ताजी होती, म्हणून तिनं दार असं आवळलं होतं, की मुंगी जाईना. मले बिघडवायले बसवलं तर मले काही बिघडवता आलं नाही. दोघंही खूश. अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आली, आणि तेलीबांध्याच्या त्या ऑफिसात एक बाई येऊन उभी राहिली. मी शोभाले घ्यायले गेलो होतो, म्हणून मी हे डोळ्यानं पाहिलं. पंचविशीतली पोरगी. बसनं आलेली, पायावर लाल धूळ. हातात दहावीचा कागद.

"दीदी, कंप्यूटर कहत हे मोर नाम गलत हे."

शोभानं तिले बसवलं. "क्या नाम है आपका?"

"दुलारी."

"आगे?"

"आगे कुछु नइ हे, दीदी. दुलारी हँव." कागदावरही तेवढंच होतं. दुलारी. गावच्या दुकानवाल्यानं चारदा भरलं, चारदा पानानं लाल अक्षरात सांगितलं, नाम गलत है. शेवटी दुकानवाला तिले म्हणाला, जाऊन विचार तुझं खरं नाव काय आहे.

आपल्या मराठी माणसाले नाव म्हटलं की तीन खिडक्या दिसतात. आपलं, बापाचं नाहीतर नवऱ्याचं, आणि आडनाव. शोभानं तीन खिडक्या केल्या आणि तिन्ही भरल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं मशीनले बजावलं. इतकी वर्षं इथं राहून तिच्या ध्यानात आलं नाही, की इकडच्या गावात कितीतरी बायांच्या नावामागं काहीच नसते. माझ्याही ध्यानात आलं नाही. मीही तिन्ही खिडक्या भरूनच चुका केल्या होत्या.

मालक आपल्या टेबलावरूनच बोलला, "अरे, इसमें क्या है? बोलो डॉट डाल दे. सरनेम में एक डॉट."

"उसके सर्टिफिकेट पर दुलारी डॉट छपेगा, सर," शोभा म्हणाली.

"तो छपे. विभाग ने लिखकर दिया है, सरनेम ज़रूरी है. अब आखिरी वक़्त में कुछ नहीं छेड़ना."

शोभा उठली नाही. तिचा चेहरा मले आठवते. चिडलेला नव्हता. कुठंतरी दूर पाहून राहिली होती, तेलीबांध्याच्या तलावाकडं. संध्याकाळ होती, खिडकीतून सगळं पाणी तांबडं दिसत होतं. मग ती दुलारीले म्हणाली, "आपका नाम सही है. गलती मैंने की है." आणि मालकाकडं पाहून, शांतपणे, "मी बदलून राहिली आहे, सर. खात्यानं विचारलं तर माझं नाव सांगा. काढायचं असन तर उद्या काढा." मराठीत म्हणाली. मालक रायपूरचाच, पण मराठी शेजाऱ्यांत वाढलेला, त्याले समजलं. घराचा हप्ता तिच्या पगारावर चालू होता. मी दारात उभा होतो.

अर्धा तास लागला तिले. आडनावाची खिडकी उघडी ठेवली, भरा नाहीतर नका भरू. पण आतली झडती तशीच कडक. दुलारी तिच्या बाजूले बसून सगळं पाहत होती. अर्ज तिथंच भरला. पडद्यावर आलं, आपका आवेदन मिल गया. त्या पोरीनं पडद्याले हात लावून पाहिला, गरम आहे का ते. "बने होगे, दीदी?" म्हणजे, नीट झालं ना. शोभा म्हणाली, "हव, बने होगे."

नोकरी गेली नाही. रात्रीतून आणखी कितीतरी बायांचे अर्ज येऊन पडले, सगळ्या एकेका नावाच्या. आठवडाभर मालक बोलला नाही, मग खात्याच्या साहेबापुढं छाती काढून म्हणाला, "हमने ये सुविधा दी है." शोभा मले म्हणाली, "देऊ द्या त्याले. त्याचंही नाव त्याले लिहून पाहिजे कुठंतरी."

पण त्या दिवसानंतर तिच्या पानावर 'गलत' हा शब्द कधी आला नाही. "भरवसा कोणावर ठेवायचा नाही, पण अपमानही कोणाचा करायचा नाही," ती म्हणे. हे एकाच वेळी कसं जमवायचं, याच्यावरच तिची पुढची सगळी वर्षं गेली. माझ्याशीही ती अशीच राहिली, आता वाटते. माझं सगळं तपासून घेतलं, अन् मले कधी चुकीचा म्हटलं नाही.

सोमवारी संध्याकाळी तिले घाटावर पोचवून आलो. मीनू, आमची पोरगी, दुपारच्या गाडीनं आली होती. घरात माणसं होती, मग माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. तलावावर धुकं होतं, खोलीत काहीच हालत नव्हतं. मी कंप्यूटर लावला. मृत्यूची नोंद करायचं सरकारी पान काढलं. ते तिनं बनवलेलं नव्हतं. मीनू मागं येऊन उभी राहिली. "पापा, रहने दो. बाद में कर लेंगे."

"नाही. हे मीच करतो."

दवाखान्याचा कागद समोर ठेवला. एका बोटानं भरायले लागलो. नाव. वय, आकड्यात. तारीख. पत्ता लिहिला, पिंपळ नाही, काही नाही, नुसता घराचा नंबर आणि बूढापारा. मृतकाशी नातं, पती. आयुष्यात पहिल्यांदा मी एक अख्खं पान एकही चूक न करता भरलं. मी वाट पाहत होतो, कोणत्यातरी खिडकीपाशी ते मले अडवन. म्हणन, हे आम्हाले समजलं नाही, हे असं होऊच शकत नाही. इतकी मोठी गोष्ट मी आत पाठवून राहिलो होतो... कोणी अडवलं नाही.

शेवटी त्यानं विचारलं, क्या दी गई जानकारी सही है? खाली दोन बटणं. हाँ, नहीं.

मी 'नहीं' दाबलं.

पान निमूट मागं गेलं. सगळ्या खिडक्या पुन्हा उघडल्या, दुरुस्त करा म्हणून. मी वरपासून एकेक वाचत गेलो, बोट ठेवून. शोभाचं नाव वाचलं. वय वाचलं. तारीख वाचली. मीनूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग 'हाँ' दाबलं.