धोंड्याच्या जेवणाला लोकरीचा स्वेटर

माणसाला नुसतं बसल्या बसल्या घाम येतो, हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं.

त्याआधी घाम मला माहीत नव्हता असं नाही. जन्म महाबळेश्वरचा, बाजारपेठेत शाली-स्वेटरचं दुकान. मालाचे गठ्ठे उचलले की कपाळ ओलं व्हायचं, पण तो कष्टाचा घाम! पाटावर मांडी घालून, हात न हलवता बसलं तरी नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं (एक स्वेटर गळ्यात मारून, पण काढलं असतं).

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझं लग्न नुकतं मार्गशीर्षात झालं होतं. बायको नंदा सांगलीजवळच्या माधवनगरची. लग्न आमच्याकडे होतं, त्यामुळे तिच्याकडचं वऱ्हाड एस्टीतून उतरलं तेच दात वाजवत. माझे सासरे (मी त्यांना मामा म्हणतो, त्यांची अख्खी गल्ली आबा म्हणते) गिरणीत आयुष्य काढलेले, धिप्पाड गडी. पण त्या रात्री दोन टोप्या, एक मफलर आणि मांडवाची सतरंजी एवढं पांघरून बसले होते. कन्यादानाला हात बाहेर काढायला तयार होईनात! आमच्याकडची मंडळी पोट धरधरून हसली. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. हे पुढे भोवलं.

नंदाने थंडी कशीबशी काढली. वैशाखात माहेरी गेली ती गेलीच. मग तिचं पत्र आलं. 'तिकडची हवा सोसत नाही. पावसाळा झाल्यावर येईन म्हणते.'

आता महाबळेश्वरचा पावसाळा म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. घराला चारी बाजूंनी गवताचे तट्टे बांधायचे आणि चार महिने आत बसायचं. गिऱ्हाईक नाही, ऊन नाही. घरात मी, आई आणि चूल. आई चुलीशी बोलते, माझ्याशी नाही. त्यात लग्नाला सहा महिने झालेले! नंदा आली नाही तर मी दसऱ्यापर्यंत वेडा होणार, हे मला लख्ख दिसत होतं.

तेवढ्यात देव पावला. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाचा महिना! सासऱ्यांचं आवतण आलं. 'धोंड्याच्या जेवणाला यावे.'

"जा आन् घिऊनच ये तिला," आई म्हणाली. "मोकळ्या हातानं जाऊ नगंस."

मी दुकानात बसून विचार केला. मामांना काय न्यावं? डोळ्यांपुढे सतरंजीत कुडकुडणारे मामा आले. बिचारे! मी माळ्यावरून दुकानातला सगळ्यात जाड स्वेटर काढला. राखाडी, पूर्ण बाह्यांचा, उभ्या गळ्याचा. ज्या माणसाला थंडी वाजते त्याला स्वेटर द्यावा, हा हिशोब अगदी बिनचूक होता. फक्त तो करताना दुकानाबाहेर धुकं होतं.

सकाळच्या एस्टीत मी शर्टावर बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसलो. पसरणी घाट उतरून वाईला आलो तेव्हा स्वेटर काढला. साताऱ्यात गळ्याचं बटण सोडलं. कराडला बाह्या दुमडल्या. इस्लामपूरला शर्ट बनियनपासून सुटा करत होतो, तर शेजारच्या म्हातारीने पिशवी मांडीवर घेतली आणि तोंड फिरवलं. सांगलीच्या स्टँडवर पुन्हा सगळं अंगावर चढवलं (स्वेटरसुद्धा! जावई उघडाबोडका कसा जाणार?) आणि माधवनगरात दाखल झालो. वळीव येतो येतो म्हणत होता आणि येत नव्हता. हवा पिळली असती तर बादलीभर पाणी निघालं असतं.

"या पाव्हणं!" मामा दारात उभे होते. अंगात गंजीफ्रॉक, खांद्यावर पंचा. "उकडतंय का?"

या प्रश्नाला 'हो' म्हणायचं नाही, हे मी घाटातच ठरवलं होतं. लग्नात या माणसाला आपण हसलो होतो.

"छे! छान हवा आहे," मी म्हणालो. तेवढं बोलताना मिशीतला थेंब तोंडात गेला.

नंदा पाणी घेऊन आली. माझ्याकडे बघून तिने ओठ दाबले. "आवं, त्यो स्वेटर तरी काढा."

"काढतो सावकाश." काढला तेव्हा त्याचं वजन दुप्पट झालं होतं.

दुपारी पानं मांडली. मामींनी ओवाळलं, तेहतीस अनारशांचा डबा पुढ्यात ठेवला. मग मामांनी कपाटातून एक मोठं खोकं काढलं.

"जावईबापू, तुमच्या गावच्या थंडीला म्या लय भ्यालो बगा," मामा म्हणाले. "तवाच ठरिवलं, पयल्या धोंड्याला जावयाला गरम कोट शिवायचा. आतनं अस्तर हाय. दुहेरी!"

खोक्यात कोट होता. काळा, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत. असा कोट आमच्या दुकानातही नव्हता.

"वा!" मी म्हणालो. "घरी गेल्यावर घालतो."

"घरी कशाला?" मामी म्हणाल्या. "आमच्यात धोंड्याचं कापड अंगावर घालूनच जेवत्यात. त्याबिगर पान वाढत न्हाईत."

मी नंदाकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. मी कोट घातला. मामांनी स्वतःच्या हाताने सगळी बटणं लावली, गळ्यापर्यंत.

आता माझी पाळी. मी पिशवीतून स्वेटर काढून मामांच्या हातात दिला. त्यांचा चेहरा असा झाला, जसा आमच्या गिऱ्हाइकाचा भाव ऐकल्यावर होतो.

"मला?" मामा म्हणाले.

"तुम्हाला! अस्सल लोकर."

तिथेच मिटलं असतं. पण उंबऱ्यावर शेजारचे म्हादबा बसले होते. मामांचे गिरणीतले जुने सोबती. जावई बघायला म्हणून आलेले, ते ठाण मांडून होते.

"घाला की आबा!" म्हादबा म्हणाले. "जावयानं तुमचा कोट घातला. तुमी त्याचा स्वेटर घालनार न्हाई? बरं दिसतंय व्हय?"

मामांनी म्हादबांकडे एकदा पाहिलं. मग स्वेटर घातला. उभ्या गळ्यातून त्यांचं डोकं बाहेर आलं तेव्हा ते आधीच लाल होतं.

आम्ही समोरासमोर पाटावर बसलो. वर पंखा पाचावर फिरत होता. मामींनी पहिला धोंडा वाढला. धोंडा म्हणजे पुरण भरून उकडलेला कणकेचा गोळा, भांड्यातून थेट पानात, वाफ निघत असलेला. त्यावर कडकडीत तूप. मी पहिला घास उचलला आणि लाईट गेली.

पंखा एक एक पातं मोजत थांबला.

"गरम हुतंय का पाव्हणं?" मामांनी विचारलं. "कोट काढायचा तर काढा. लाजू नगा."

"छे छे! उलट जरा गारच वाटतंय. तुम्ही काढा ना स्वेटर."

"म्या? छ्या! लोकर लय हलकी हाय. घातल्यागत वाटत न्हाई."

"जावयाआधी सासऱ्यानं काढायचं न्हाई," म्हादबांनी बाहेरून निकाल दिला. "आन् सासऱ्यानं दिल्यालं जावयानं उतरवायचं न्हाई."

म्हणजे दोघांचीही वाट बंद! आम्ही जेवू लागलो. कटाच्या आमटीत मीठ कमी आहे, असं मी सांगणार होतो. पण मान खाली घालून चार घास खाल्ल्यावर तेही बरोबर झालं.

मामी धोंडे वाढत होत्या. नको म्हणायची सोय नव्हती. दुसरा. तिसरा. कोटाच्या आत कुणीतरी चूल पेटवल्यासारखं होत होतं. पायमोज्यांत पाणी साचलं होतं. मामांच्या टकलावरचे ओघळ कानामागून स्वेटरच्या गळ्यात शिरत होते आणि बाहेर कुठूनच येत नव्हते. मला त्यांची काळजी वाटू लागली. मग आपण कशाला आलोय ते आठवलं. घेरी यायच्या आत बोलून घेतलेलं बरं!

"मामा, नंदाला न्यायला आलोय."

दाराआड बांगड्या थांबल्या.

"पावसाळा हुंद्या की," मामा धापा टाकत म्हणाले. "पोरीला तिकडची हवा सोसत न्हाई."

आता खरं तर गप्प बसायचं. पण तिसऱ्या धोंड्याचं तूप मस्तकात गेलं होतं. मी ताठ बसलो. आवाज जरा लांबून येतोय, असं वाटत होतं, तरी तो माझाच होता.

"हवेचं काय घेऊन बसलात मामा? हवा म्हणजे मनाचे खेळ! माणसाने ठरवलं ना, की कुठलीही हवा सोसते. आता मलाच बघा..."

सगळ्यांनी मला बघितलं. त्याच क्षणी मी तोंडावर चौथ्या धोंड्यात पडलो.

पुढचं मी पाहिलं नाही, पण नंदाने ते मला इतक्या वेळा सांगितलंय की पाठ आहे. मला सावरायला मामा उठले. उठताना त्यांनी स्वेटर काढायला घेतला. भिजलेला स्वेटर अर्ध्यावर आला आणि उभ्या गळ्यात डोकं अडकलं. हात वर, तोंड आत, अशा अवस्थेत मामा "पाव्हणं! पाव्हणं कुटं हायत?" असं ओरडत घरभर फिरले आणि शेवटी अनारशांच्या डब्यावर बसले. मामींनी बोंब ठोकली. म्हादबांनी न्हाणीतली घागर उचलली आणि माझ्यावर ओतली. मग विचार करून दुसरी मामांवर ओतली. भिजल्यावर स्वेटर आणखी आवळला. शेवटी मामींनी एक बाही धरली, म्हादबांनी दुसरी, नंदाने कंबर, आणि मामा 'पक्' करून बाहेर आले.

तीन दिवस मी सोप्यात ओल्या गोणपाटावर पडून होतो. अंगावर मामांची ढगळ पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, दोन्ही काखांत कांदे, पाठभर घामोळं. गल्लीतली माणसं आळीपाळीने येत होती.

"ह्योच का महाबळेसरचा?"

"व्हय. कोट घालून जेवत हुता."

"आन् कांदं कशाला?"

"वाफ काढाया."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नंदा शेजारी बसून सुपाने वारा घालत होती. माझा सगळा मान त्या चड्डीत मावला होता. आता खोटं बोलून मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"नंदे," मी म्हणालो, "मला इथली हवा सोसत नाही."

"व्हय? आमाला वाटलं मनाचा खेळ असंल."

"हसू नकोस. मला इथे एक दुपार निघाली नाही. तुला तिकडे कसं होत असेल, ते आत्ता कळतंय. तू राहा इथे. पाऊस संपल्यावर ये. मी... काढीन कसंतरी." शेवटचं वाक्य बोलताना मी डोळे पुसले. कांद्यामुळे असेल.

सूप थांबलं.

"आवं, थंडीचं काय न्हाई," नंदा म्हणाली. "थंडी सोसती वो. पन म्या गारठा वाजतोय म्हनलं की तुमी काय म्हनायचा? 'ही कसली थंडी!' आन् हसायचा. चार महिने शालीत कुडकुडत काढले म्या. दुकान भरून स्वेटर! बायकूला त्यातला एक दिलासा का? आन् आबास्नी आनलासा! जून म्हैन्यात! सांगलीत!"

मी आठवून बघितलं. गठ्ठेच्या गठ्ठे आठवले. मुंबईच्या बायका आठवल्या, त्यांना 'तुम्हाला हा रंग शोभतो' असं म्हटलेलं आठवलं. नंदाला दिलेला स्वेटर काही आठवेना. तीन दिवसांत पहिल्यांदा मला खरी घेरी आली.

मामा पलीकडे पंचा गुंडाळून सगळं ऐकत होते. ते उठले, दोरीवरचा राखाडी स्वेटर काढला आणि लेकीच्या हातात ठेवला. "घे पोरी. तुझाच हाय." आहेर परत करताना इतका हलका झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी नंदा माझ्याबरोबर निघाली. खरं म्हणजे मीच तिच्याबरोबर निघालो, कारण पिशव्या तिच्या हातात होत्या आणि मी तिच्या खांद्यावर होतो. पसरणीच्या घाटात पहिली गार झुळूक लागली. नंदाने स्वेटर चढवला. तिला तो गुडघ्यापर्यंत आला. मी तोंडापर्यंत आलेलं 'ही कसली थंडी' गिळलं.

तेव्हापासून नवीन माल आला की पहिला स्वेटर घरात जातो, आणि थंडी वाजतेय का, हे मी नंदाला न चुकता विचारतो. आता इतकी सवय झालीय, की उन्हाळ्यात माधवनगरला गेलो तरी तोंडातून निघून जातं. मामींच्या धाकाने मी तो काळा कोट घालून पाटावर बसलेला असतो आणि नंदाला विचारतो, "थंडी वाजतेय का गं?"

ती सुपाने मला वारा घालत म्हणते, "माझं ऱ्हाऊ द्या. आज तोंडावर पडायच्या आदी सांगा, म्हंजी पान सरकवून ठेवते."