रंगूअक्कांच्या मनगटावरचा डाग

रंगूअक्का आमच्याकडे मागच्या दाराने यायच्या आणि आधी चुलीपाशी बसून हात शेकून घ्यायच्या. म्हणायच्या, "गार हाताला दुखणं बिचकतं गं."

त्यांची आई तंजावरच्या राजवाड्यात राण्यांना लेप लावायची. राज्य खालसा झालं, आई घरी बसली. हात मात्र लेकीकडे आला.

माझ्या आईला भाऊ ना मुलगा, म्हणून ती माझ्याकडे. तिची कंबर धरलेली. उठवणं, न्हाऊ घालणं, पेज भरवणं माझ्याकडे. तिचे डोळे मात्र मागच्या दाराकडे. "रंगू आली का गं?" दिवसातून दहादा. ऐकून माझं डोकं फिरे.

औषध काय, तर मोहरी! वाटून तांदळाच्या पिठात कालवायची, जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरून कंबरेला लावायची. वर चुणचुण सुटली की आतली कळ निवायची. "दारात भांडण लावलं की आतला चोर बघायला बाहेर येतो," अक्का सांगायच्या. "पण लाल झालं की काढायचं. लोभ नको."

एकदा त्या लेकीच्या बाळंतपणाला तिरुवैयारूला गेल्या. मी म्हटलं, बघू यात काय मोठं आहे. कढत पाण्यात मोहरी वाटली. आई म्हणाली, "हे काय, कंबरेला लोणचं लावलंस? काही झोंबत नाही." दुसऱ्या दिवशी दुप्पट मोहरी घेतली, घाईत गार पाण्यातच वाटली. ती मात्र लागली. "अगदी रंगूसारखं गं!" आई म्हणाली. उभ्या जन्मात तिने मला असं म्हटलं नव्हतं. थोड्या वेळाने ती "काढ आता" म्हणाली, तर मी म्हटलं, "थांब जरा."

सुपारीएवढे फोड आले.

अक्का परतल्या, फोड पाहिले. आई "हिने" म्हणते तोच त्या म्हणाल्या, "मोहरी माझ्या घरचीच ना? यंदा फार तिखट आली. चूक माझी." आईने लगेच मानलं. मला ते फोडांपेक्षा झोंबलं.

विहिरीपाशी त्यांनी मला गाठलं. "कढत पाण्याने मोहरी मरते. आणि हे बघ." डाव्या मनगटावर तांबूस काळा डाग. मी तो भाजल्याचा समजत होते. "रोग्याला लेप लावला की थोडा इथे लावायचा. इथे सोसेना की तिथलाही काढायचा. दुसऱ्याला किती सोसतं, ते कसं कळणार नाहीतर?"

पुढच्या पावसाळ्यात त्या तापाने गेल्या. आईला सांगितलं, तरी ती विसरायची.

मग मीच लावू लागले. हात शेकून, मनगटावर बोटभर ठेवून. आईची नजर तोवर गेली होती. एका दुपारी माझा ऊन हात लागताच तिचा चेहरा उजळला. "रंगू, आलीस?"

मनगट पेटलं होतं. मी फडकं काढलं आणि म्हटलं, "हो, आले."

आज माझ्याही मनगटावर तसाच डाग आहे. आणि रंगूअक्कांचा मत्सर अजून गेलेला नाही.