दोघांच्या मापाची गाडी

ज्या माणसाने आयुष्यात स्कूटरपलीकडे कोणतेही वाहन चालवले नाही, त्याने निवृत्त झाल्यावर राहता-झोपता येईल अशी मोटार घेण्याचा ध्यास का घ्यावा? नीळकंठराव चिंचोळकरांबाबत हा प्रश्न यवतमाळात पुष्कळांनी विचारला. त्याचे उत्तर या लेखालाही देता येणार नाही. ते स्वतः एवढेच म्हणत, "हिवाळ्यात घरी बसनं जमत नाही मले."

नीळकंठराव सरकारी कापूस खरेदीत मालाचा दर्जा ठरवणारे ग्रेडर होते. दिवाळी झाली की वळकटी बांधून केंद्रावर जायचे ते होळीला परतायचे. कधी घाटंजी, कधी दारव्हा, कधी बोरी अरब. आवारात कापसाने भरलेल्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागे. शेतकरी वरचा पांढराशुभ्र थर दाखवी आणि नीळकंठराव त्याच्याकडे न पाहता बंडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात खुपसून तळाजवळची मूठ बाहेर काढत. बोटांनी धागा ताणून बघत, सरकी दाताखाली फोडून ओलावा ओळखत आणि बंडी पूर्ण रिकामी होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढत नसत. मग ‘सुपर’ किंवा ‘फेअर’ असा एकच शब्द यायचा. तेवढ्या एका शब्दासाठी दिवसभर त्यांच्याभोवती माणसांचा गराडा असे. २००४ साली ते निवृत्त झाले तेव्हा खरेदीचे जुने दिवस सरले होते. माल खासगी व्यापाऱ्यांकडे वळला होता, पीक नीट येत नव्हते, आले तर भाव नव्हता आणि जिल्ह्याचे नाव नको त्या कारणांनी वर्तमानपत्रांत झळकू लागले होते. नीळकंठरावांचा गराडा एका हंगामात नाहीसा झाला. शहराबाहेरचे खरेदीचे आवार ज्या रस्त्यावर होते, त्या रस्त्याने ते स्कूटरदेखील नेईनासे झाले.

त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात अधीक्षक होत्या आणि २००६ च्या जूनमध्ये निवृत्त व्हायच्या होत्या. लग्नाला पस्तीस वर्षे झाली होती. हिवाळे केंद्रांनी नेले. उरलेल्या महिन्यांत घरात सासू-सासरे, दिरांची शिकायला ठेवलेली मुले आणि येणारा-जाणारा. एका छपराखाली दोघेच, असा सलग एक महिनाही त्यांच्या वाट्याला आला नव्हता. मोटारीत राहून सहा महिने देश हिंडायची कल्पना नवऱ्याने काढली, तेव्हा रत्नप्रभाबाईंच्या डोळ्यांसमोर प्रथम आला तो आतून कडी लागणारा दरवाजा. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. पुण्याहून मुलाने, अभिषेकने, फोनवर विचारले, "आई, हे बाबांचं काय नवीन?" तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "नवीन नाही रे. उशिराचं आहे."

गाडी शोधण्याचे काम वाहिदभाईंकडे आले. दारव्हा रोडवर त्यांचे गॅरेज होते आणि नीळकंठरावांची स्कूटर वीस वर्षे त्यांच्याच हाताखालून गेलेली. त्यांनी पहिली दाखवली ती एका बँडपार्टीची मेटॅडोर. आत लाल मखमल, छताला आरसे. नीळकंठरावांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिले नाही. मागच्या गादीची शिवण उसवली होती; तीत त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि मूठभर काथ्यासोबत एक वाळलेला हार बाहेर काढला.

"साहेब, मोटर पाहा ना. गादी कायले पाहून राह्यले?" वाहिदभाई म्हणाले.

"वरून सगळंच चांगलं दिसते, वाहिद."

दुसरी गाडी कुठल्याशा संस्थेची जुनी रुग्णवाहिका होती. लांब-रुंद, आत पाण्याची टाकीसुद्धा. रत्नप्रभाबाई तिच्यात चढल्या, लांबट बाकावर आडव्या झाल्या, छताकडे पाहत घटकाभर पडून राहिल्या आणि उठून खाली उतरल्या.

"गाडी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण जिथं थांबू तिथं लोकं येतीन अन् विचारतीन, कोण गेलं म्हणून. दर गावात किती जनायले समजावून सांगायचं?"

वाहिदभाईंना हसू आवरेना. रुग्णवाहिका तिथेच राहिली.

मात्र खरी अडचण वेगळीच होती. नीळकंठराव रोज संध्याकाळी चौकात जात आणि घरी परतताना प्रवासाला एखादा सोबती जोडून येत. आधी दारव्ह्याच्या थोरल्या विधवा बहिणीचे, लीलाबाईंचे नाव निघाले. मग काट्यावर वजन करणारे जुने सहकारी डोमाजी आणि त्यांची बायको धनीबाई. मग लीलाबाईंना सोबत म्हणून त्यांची एक शेजारीण. माणसागणिक गाडी वाढत गेली. मेटॅडोरएवढी गाडीही अपुरी वाटू लागली आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत गोष्ट बारा आसनांच्या ट्रॅव्हलरवर येऊन ठेपली. ती लग्नाच्या वऱ्हाडासाठी फिरणारी गाडी होती. मागचे बाक काढून दोन फळ्या ठोकल्या की झाले, असा नीळकंठरावांचा आराखडा.

रत्नप्रभाबाईंनी कचेरीत तेहतीस वर्षे काढली होती आणि एवढ्या काळात एकाही प्रस्तावावर नकार लिहिला नव्हता. तशी त्यांची पद्धतच नव्हती. न पटणारा प्रस्ताव आला की तो पूर्ण अमलात आल्यावर काय होईल, याचे चित्र त्या साहेबांसमोर नीटपणे मांडत आणि हात जोडून बसत. पुढचे साहेबांना आपसूक सुचे. ट्रॅव्हलरचा प्रस्तावही त्यांनी असाच मान्य केला.

"घेण्याआधी एक दिवस चालवून पाहू," त्या म्हणाल्या. "रविवारी कळंबला जाऊ, चिंतामणीच्या दर्शनाले. सगळ्यायले मीच बलावते."

रविवारी सकाळी वाहिदभाई मागचे बाक काढून, आराखड्याप्रमाणे फळ्या टाकलेली ट्रॅव्हलर घेऊन दारात आले. लीलाबाईंना मळमळते म्हणून पुढची खिडकी त्यांना मिळाली. शेजारणीने आपली घडीची खुर्ची आणली होती. ती उघडून मधल्या वाटेत बसली. डोमाजींनी धनीबाईला चढवले आणि स्वतः दाराच्या बाजूला अंग चोरून बसले. नीळकंठराव वाहिदभाईंच्या बाजूला, मागे तोंड करून. डबे, सतरंजी आणि पाण्याची कळशी मागच्या दाराशी ठेवलेली. त्यांच्यालगत जी फळी उरली होती तिच्यावर रत्नप्रभाबाई बसल्या.

गाडी सुटली आणि नीळकंठराव रंगात आले. कोणत्या जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरने कशी फजिती करून घेतली, कोणत्या केंद्रावर बैल उधळून थेट काट्यावर कसे चढले, एकामागून एक किस्से. डोमाजी हसता हसता खोकू लागले. मागच्या फळीवरून रत्नप्रभाबाईंना नवऱ्याचे हसणे ऐकू येत होते. दोन वर्षांत त्यांनी ते ऐकले नव्हते. त्यांना प्रथमच वाटले की आपण चुकतो आहोत. या माणसाला माणसे लागतात, आणि आपण त्याच्या पुढ्यातून ताट ओढायला निघालो आहोत. कळंबला दर्शन घेताना त्यांचे मन जवळजवळ बदलले होते. घरी गेल्यावर ‘घ्या ट्रॅव्हलर’ असे सांगून टाकावे, इथपर्यंत त्या आल्या होत्या.

परतताना ऊन चढले. नीळकंठरावांनी सवयीने आवाज दिला, "रत्ना, पाणी दे वं."

मागून तांब्या निघाला. तो धनीबाईकडे आला, तिने दोन घोट घेतले. मग शेजारणीने घेतले, लीलाबाईंनी खिडकीबाहेर चूळ भरली. तांब्या पुढे पोहोचला तेव्हा तळाशी ओंजळभर पाणी होते. नीळकंठरावांनी तांब्यात पाहिले, मग मान उंच करून मागे पाहिले. डोमाजींचे पागोटे, घडीची खुर्ची, डब्यांची चळत. बायको कुठे दिसेना.

"वाहिद, जरा थांब."

गाडी बाभळीच्या सावलीत थांबली. ते उतरले, वळसा घालून मागे गेले आणि त्यांनी मागचे दार उघडले. रत्नप्रभाबाई कळशी दोन्ही पायांत धरून बसल्या होत्या. पदरावर पाणी सांडले होते.

"इथं काहून बसली?"

"जागा इथंच उरली होती."

"सकाळपासून इथंच आहे?"

"तुम्ही वरचा थर पाहून राह्यलते," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती.

 नीळकंठराव दार लावून पुढे जाऊन बसले. उरलेल्या वाटेत एकही किस्सा निघाला नाही. लीलाबाईंनी विचारलेही, "काय रे नीळकंठा, ऊन लागलं का तुले?" सगळ्यांना ज्याच्या-त्याच्या दारी उतरवून ट्रॅव्हलर रिकामी झाली. घरापुढे ती उभी असताना त्यांनी बायकोकडे वळून ग्रेड सांगितली.

"मिसळ आहे."

रत्नप्रभाबाईंना हा शब्द ठाऊक होता. एका बंडीत दोन जातींचा कापूस निघाला की चांगल्या मालाचाही दर्जा खाली येई. शेतकऱ्यांची सर्वांत मोठी भांडणे त्यावरूनच होत.

"माल खराब नाही," नीळकंठराव सावकाश म्हणाले. "डोमाजी चांगला, ताई चांगल्या. पन एकात भरायचा नाही. सहा महिने तं नाहीच नाही." मग त्यांनी विचारले, "तू आधी काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुम्ही हो म्हणाले असते. पटलं नसतं."

वाहिदभाई स्टिअरिंगवर हात ठेवून हे ऐकत होते. दोघांचीच गाडी म्हटल्यावर त्यांनी एक नवीच अडचण काढली. "छोटी गाडी पाहून देतो, साहेब. पन ड्रायव्हर कुठून आनता? जे चांगले होते ते सगळे दिल्ली-मुंबईच्या पाहुण्यायले घेऊन खेडोपाडी फिरून राह्यले. कोणी पेपरवाला, कोणी कमिटीवाला. सहा महिने कोणी खाली नाही."

"अन् भेटला तरी तो झोपन कुठी?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आपन आत अन् तो गाडीखाली? मग कडी लावून काय उपयोग?"

"मंग चालवन कोण?"

"मी."

नीळकंठरावांनी वाहिदभाईंकडे पाहिले. वाहिदभाई आरशाची धूळ पुसू लागले.

खरी हकिकत अशी की जानेवारीपासून रत्नप्रभाबाई रोज सकाळी फिरायला म्हणून निघत आणि वाहिदभाईंच्या मुलीकडे, आरिफाकडे जात. आरिफा शाळेच्या मुलांची ने-आण करणारी ओम्नी चालवी. मुलांना घ्यायला निघण्यापूर्वी ती रत्नप्रभाबाईंना गाडी शिकवी. शिकवायला मोठी, मोकळी, सपाट जागा हवी होती आणि तशी एकच होती: ज्या आवारात त्या हंगामात एकही बंडी आली नव्हती ते खरेदीचे आवार.

त्या आवारात नीळकंठराव एप्रिलच्या एका सकाळी दोन वर्षांनी गेले, ते आरिफाच्या ओम्नीत बायकोच्या बाजूच्या आसनावर बसून. फाटक डोमाजींनी उघडले. तिथला चौकीदार त्यांचा मेहुणा होता.

"डोमाजी, तुले ठाऊक होतं?"

"साहेब, आपन काट्यावरचा मानूस. वजन सांगतो, ग्रेड नाही." मग डोमाजींनी खिडकीशी वाकून आवाज उतरवला. "अन् तसंही मले गाडीत वांती होते. तुम्ही बलावलं, नाही कसं म्हनू? बाईनं वाचवलं मले."

मागे बसलेली आरिफा म्हणाली, "काकू, क्लच हळू सोडा. घाई नाही."

रत्नप्रभाबाईंनी काट्याला दोन फेऱ्या घातल्या. जिथे बंड्या उभ्या राहत तिथून गाडी सरळ नेली, ओट्यापाशी मागे घेतली, पुन्हा पुढे आणली. आवारात वाळलेले गवत होते, ओट्याच्या भेगांत जुन्या कापसाचे मळके पुंजके अडकले होते. नीळकंठराव सगळे पाहत होते. बायकोचे हात, आरसा, ओटा, काटा. तोंडातून शब्द नव्हता. गाडी थांबली, इंजिन बंद झाले, तेव्हा ते बोलले.

"फेअर."

"सुपर काहून नाही?"

"मागं घेताना थोडा ओलावा आहे. वाळन."

आरिफाला काही कळले नाही, पण काकू हसल्या म्हणून तीही हसली.

मे महिन्यात वाहिदभाईंनी घाटंजीच्या एका चष्म्याच्या दुकानदाराची ओम्नी दाखवली. नीळकंठरावांनी आसनाखाली खांद्यापर्यंत हात घातला. हाती एक चष्म्याची काडी लागली, बाकी सारे कोरडे होते. मागची आसने काढून तिथे सुताराने सागाची घडीची फळी बसवली. झोपताना नीळकंठरावांचे पाय पुढच्या आसनाखाली जात, तेवढी तडजोड त्यांनी मान्य केली. शेगडी मागच्या दाराशी, पाण्याचा कॅन डाव्या हाताला. रत्नप्रभाबाईंनी सुताराला एकच गोष्ट पुन्हा करायला लावली: कडी आतल्या बाजूने, झोपल्याजागी हात पोहोचेल अशी.

दिवाळीनंतर ते निघाले. लीलाबाई निरोप द्यायला दारव्ह्याहून आल्या होत्या. गाडीत डोकावून त्या म्हणाल्या, "दोघायचीच घेतली व्हय रे? म्हातारपणी बरं सुचलं."

"ताई, तुमच्यासाठी कुठून काय आनू?" नीळकंठरावांनी विचारले.

"काही नको. चालवता चालवता तिले किस्से नको सांगू. रस्त्याकडे पाहू दे."

ते बायकोच्या बाजूला बसले. पाण्याचा तांब्या त्यांच्या मांडीवर होता, भरलेला. रत्नप्रभाबाईंनी आरशात एकदा पाहिले आणि नागपूर रस्त्याला गाडी घातली.

त्यांचा गाडी चालवण्याचा परवाना ऑगस्ट २००६ मध्ये निघाला होता. २०११ मध्ये आणि पुन्हा २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी त्याचे नूतनीकरण करून घेतले.