पाण्यातली लग्नं लावणारे भाऊजी

साकोली तालुक्यात आजवर जेवढी लग्नं लागली, त्यातली निम्मी तरी माझ्या भाऊजींनी लावली असतील. वधूवर पाण्यातले होते, एवढाच काय तो फरक. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. एकोडीला घरची धानाची शेती, पण जीव सगळा घरामागच्या सिमेंटच्या गोल टाकीत. रोहू-कतला हे मासे साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, म्हणून भाऊजी त्यांना इंजेक्शन देत आणि पिल्लं तलाववाल्यांना विकत. सुई टोचली की त्या दिवशी आमचं लग्नघर! ताईनं पुऱ्या आणि आलूवांग्याची भाजी करायची आणि बाकीच्यांनी पाय न वाजवता चालायचं. एकदा मी मोठ्यानं हसले, तर भाऊजी धावतच आले. "लहाने, हळू! नवरी घाबरून राहिली ना तिकडं!" मी म्हटलं, "माझ्या लग्नात तर बँडवाला माझ्या कानाशी उभा केला होता तुम्ही." तर म्हणे, "तुले कोन घाबरवते?"

माणसांची लग्नंही ते माशांच्याच हिशेबानं जोखत. मला बघायला बपेऱ्याची मंडळी आली, तेव्हा वडीलधारे शेती विचारत होते, नोकरी विचारत होते. भाऊजींनी मुलाला एकच विचारलं, "तुमच्या हिरीचं पानी जड आहे का हलकं?" तो बिचारा आपल्या वडलांकडे बघायला लागला. मग त्या विहिरीचं बाटलीभर पाणी मागवून भाऊजींनी स्वतः तपासलं आणि तेव्हा कुठे होकार गेला. मला ते स्थळ मनापासून आवडलं होतं. त्या बाटलीची वाट बघताना मी भाऊजींना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या अजून पाठ आहेत.

त्या काळी ह्या इंजेक्शनचं तयार औषध सहज मिळत नसे, ते माशांच्याच डोक्यातून काढावं लागे. बाजाराच्या दिवशी भाऊजी मासे विकणाऱ्या बायांकडून मुंडकी गोळा करत, कवटी उघडून मेंदूखालची मोहरीएवढी ग्रंथी अलगद काढत आणि ती स्पिरिटच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवत. थेट ताईच्या लोणच्याशेजारी. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा राहायला गेलो, तेव्हा आमच्या ह्यांना सर्दी झालेली. बाटली दिसली, वास ओळखीचा वाटला, होमिओपॅथीचं औषध समजून ह्यांनी चार थेंब जिभेवर घेतले. ताईनं कपाळावर हात मारला. भाऊजी बाटली उजेडात धरून कळवळले, "अर्धा मोसम पिऊन बसला ना जावई!" पुढल्या वर्षी मला जुळं झालं. बारशाला आलेल्या एकेका पाहुण्याला बाजूला घेऊन भाऊजी सांगत होते, "शास्त्र आहे हे, शास्त्र!"

मग ताई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेली. भाऊजींनी टाकीतलं पाणी सोडून दिलं. मासे विकून टाकले. फक्त देशी मागुराची एक जोडी मागच्या हौदात राहिली. हा मिशीवाला मासा पूर्वी पावसाळ्यात गावच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, थेट शेतातल्या धानाच्या बांध्यांत चढून यायचा. नंतर परदेशी मागूर आला आणि हा दिसेनासाच झाला. ही जोडी ताईनंच शेताच्या धुऱ्यावरून ओच्यात घालून आणली होती. भाऊजी तिला खायला घालत, पण लग्नाचं नाव काढत नसत.

गेल्या पावसाळ्यात त्यांची मुलगी, माझी भाची, हैदराबादेहून आली. ती तिथल्या प्रयोगशाळेत माशांच्या अंड्यांवर नव्या औषधांची पारख करते. हल्ली शास्त्रज्ञ संगणकाऐवजी डीएनएच्या रेणूंकडूनही गणितं सोडवून घेतात, असं तिनं सांगितलं, तर भाऊजी म्हणाले, "मागुराले येतच असन मंग गनित. पानी किती चढलं हे पाहूनच थो अंडे देते." पण तिनं ह्या जोडीची पिल्लं काढू या म्हटलं, तेव्हा ते उठून हौदाशी जाऊन उभे राहिले. मागुराची गोष्ट वेगळी. मादीला सुई देऊन अंडी मिळतात, नराचं बीज मात्र दाबून निघत नाही. त्याला मारून, पोट फाडूनच काढतात.

"लगनात नवरदेव मारतात का कुठं?" भाऊजी कडाडले.

"बाबा, सगळीकडं असंच करतात."

"करू दे. जोडीतलं एक गेल्यावर मांगं काय रायते, हे मले नोको सांगू."

पोरगी रडली. मीही रडले. पण ती आईवरच गेलेली, हट्टी. काही ठिकाणी नराला न मारता बीज काढतात, ते तिनं फोनवर विचारून शिकून घेतलं. लवंगेच्या तेलाच्या पाण्यात नराला गुंगी द्यायची, पोटाला छोटा छेद घ्यायचा, बीजाच्या दोन पिशव्यांपैकी एकच काढायची, दुसरी तशीच ठेवायची आणि टाके घालायचे. भाऊजींनी दोन दिवस तोंडात अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच टाकी घासायला बसले.

तिनं छेद घेतला तेव्हा नराला त्यांनीच धरलं होतं. तोंडानं "झालं राजा, झालं" चालू होतं. अंडी फळली. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीत पापणीच्या केसाएवढी पिल्लं वळवळायला लागली. मी नाचायचीच बाकी होते. भाऊजी तिकडे फिरकलेही नाहीत. नराच्या टबाशी स्टूल टाकून बसून राहिले. जखम भरेपर्यंत तिथेच जेवले.

टाके सुकले तेव्हा आम्ही सगळ्यांनाच बोडीवर नेलं. पिल्लं सोडली, मादी सोडली, शेवटी नर. तो काठाशी जरासा थांबला, मग शेपटी मारून मादी गेली त्या बाजूला गेला. भाऊजी पाण्याकडे बघतच म्हणाले, "पाह्य लहाने, अर्ध्यावरबी जगता येते."

भाऊजींना उलट उत्तर देण्यात माझा जन्म गेला. बांधावर चिखल होता. त्या दिवशी मी नुसता त्यांचा हात धरला आणि आम्ही हळूहळू घरी आलो.