सत्यभामाचं पातेलं

परंड्याच्या भिमाबाईचा सगळा जीव भांड्यांत. चमच्यावरसुद्धा नाव घालून घेतलेलं. माहेरचा तांब्याचा हंडा तर ती सुनेलाही घासू द्यायची नाही. आता मुलानं, राजपालनं, धाराशिवला घर घेतलं, टेम्पो दारात आला, आणि भांडी बांधताना निघालं काय, तर निम्म्या भांड्यांवर नाव सत्यभामाचं!

यात चोरीबिरी काही नव्हती बरं. सत्यभामा भिंतीला भिंत लावून राहणारी. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत दोघींनी तीस वर्षांत मोडली नव्हती. वाटी चटणी घेऊन जायची, हुरडा घेऊन यायची. ही ये-जा कधी थांबलीच नाही.

राजपाल म्हणाला, ज्याचं त्याला देऊन मोकळी हो. भिमाबाई कामाला लागली. कुठल्या डब्यात तीळ, कुठल्यात सांडगे, उरलीसुरली डाळ, असं भरून ती पोचवत सुटली. तिकडून सत्यभामाही हिची भांडी गूळ-शेंगांनी भरून आणत होती. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, दोनदा त्याला चहा पाजून गप्प केलं.

शेवटी एक पातेलं उरलं. ते हातात घेऊन भिमाबाई मटकन खाली बसली. हे गेलं की संपलं. मग सत्यभामा कशाच्या निमित्तानं यायची? साठ वर्षांत दुसऱ्याच्या काडीला हात न लावलेल्या बाईनं ते पातेलं वाकळंत गुंडाळलं, आणि आपला जिवापाड जपलेला हंडा गुपचूप सत्यभामाच्या मोरीत ठेवून आली.

निघताना सत्यभामानं विचारलंच, पातेलं राहिलं की गं. सापडेना बाई, म्हणत भिमाबाईनं मान फिरवली.

पंधरा दिवस ती दाराकडं डोळे लावून होती. सोळाव्या दिवशी सत्यभामा दारात हजर, हातात भिमाबाईची एक वाटी, वाटीत शेंगदाण्याची चटणी.

"आन हंडा?"

"लई जड हाय. एष्टीत कुठं आनू? फुडच्या खेपंला बघू."

मी गाडीतून आणतो की, असं राजपाल म्हणाला. दोघींनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो मुकाट्यानं आंघोळीला गेला.

सत्यभामा स्वयंपाकघरात शिरली. गॅसवर चहा उकळत होता आणि पातेल्यावरचं नाव थेट तिच्या तोंडासमोर होतं.

"माझं पातेलं सापडलं का गं, भिमा?"

"न्हाय अजून," म्हणत भिमाबाईनं त्याच पातेल्यातला चहा दोन कपांत गाळला.

"सापडू दे सावकाश," सत्यभामा म्हणाली, आणि तिनं चहा बशीत ओतला.