चर्चपर्यंत पेट्रोल

सगळे त्यांना अंकल म्हणत, त्यामुळे नाव विचारायची वेळच आली नाही. गिरीज गावाहून अंधेरीला ते रोज आपली जुनी, होडीएवढी गाडी घेऊन जात आणि वाटेत आम्हा तिघांना उचलत. तिचं मोठं इंजिन पेट्रोल नुसतं ढोसायचं, म्हणून त्यांनी डिकीत गॅसची टाकी बसवून घेतली होती. गाडी सुरू व्हायची पेट्रोलवर. पापडीचं चर्च आलं की अंकल क्रुसाची खूण करत आणि त्याच हाताने गॅसचं बटण दाबत. इंजिन एक उचकी द्यायचं, आम्ही श्वास रोखून धरायचो, मग ते गुरगुरत निघायचं आणि अंकल स्टिअरिंगवर थाप मारून हसायचे.

एकदा गप्पांच्या नादात खूण न करताच त्यांनी बटण दाबलं. हायवेला लागायच्या आतच गाडी बंद पडली. पुन्हा सुरू झाली तशी त्यांनी ती चक्क मागे वळवली.

"अंकल, ऑफिसात लेटमार्क लागेल!" मी ओरडलो.

"अरे बाबा, पेट्रोलवर गाडी मी चालवतो. गॅसवर तो चालवतो. त्याला सांगायला नको?"

चर्चसमोर त्यांनी खूण केली, आरशातून मागे पाहिलं आणि खदखदून हसले. घरच्या सत्यनारायणालाही न बसणारा मी मागच्या सीटवर घट्ट हात जोडून बसलो होतो.