काकांचे तीन तास

काशिनाथकाका गेल्याचं ठेकेदाराने फोनवर सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, "उद्या त्यांच्या जागी कोणाला पाठवू?" मी एक नाव सांगून मोकळी झाले. रडूबिडू काही आलं नाही... आज महिन्याने लिहिते आहे, तेही लाजेपोटी.

काका समुद्रकाठच्या दांडी गावचे. होडी विकल्यावर आमच्याकडे लाइनवॉकर झाले. जमिनीखालून गेलेल्या गॅसच्या पाइपलाइनवरून रोज चालत जायचं, वर कुणी खणत नाही ना, कुठे गवत उगाच पिवळं पडलं नाही ना, ते बघायचं. गळ्यात जीपीएसचं यंत्र. इकडे बोईसरच्या ऑफिसात माझ्या स्क्रीनवर त्यांचा ठिपका सरकायचा. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो पालघरजवळच्या एका गावात तीन तास हललाच नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "पाय दुकत होता मॅडम. बसलो जरा." मी मेमो दिला. तेवढ्यावर माझं भागलं नाही. महिन्याच्या सेफ्टी मीटिंगमध्ये तो नकाशा सगळ्यांना दाखवला. "काका सो गए थे क्या?" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मीही हसले. काका खाली बघत राहिले. त्यानंतर त्यांचा ठिपका कुठे म्हणून थांबला नाही, भर मे महिन्यात पाणी प्यायलासुद्धा. मला वाटलं, चला, माणूस सुधारला!

दहाव्याला दांडीला गेले, तेव्हा ठिपका थांबला होता त्या गावचा एक शेतकरी भेटला. म्हणाला, "माज्या पोरीचं लगीन होतं. मांडवाच्या मेढी रोवायला आमी पहारी उचलल्या, तं काका लायनीवरच बसला. बोलला, मांडव तिकडं सरकवा, तवर मी उठत नाय."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

तो चाचरला. "बोलला, मॅडमला कळलं तं पोलीस आनतील. लग्नघर हाय."

आणलेच असते. कायद्यावर बोट ठेवून, स्वतःची पाठ थोपटत आणले असते.

निघताना काकूंनी एक पिशवी पुढे केली. आत काकांचे सेफ्टी बूट... धुतलेले, उन्हात वाळवलेले, टाचा एका बाजूने झिजलेल्या. "कंपनीचे हायेत, जमा करा." मी माफीचे शब्द जुळवत होते, तोच त्या संकोचून म्हणाल्या, "मॅडम, जमा झाले म्हनून लिवून द्याल? मागनं त्यांच्यावर काय यायला नको."

मी लिहून दिलं, खाली सही केली. काकूंनी कागद नीट वाचला, घडी घातली आणि काकांच्या फोटोमागे ठेवला. माफी मागायची राहिलीच. बूट तेव्हापासून माझ्या टेबलाखाली आहेत. स्टोअरला पाठवायचा धीर होत नाही.